ब्रेकच्या डिस्क घरी बदलाव्यात का? : घाटात थरथरणारे स्टीअरिंग आणि घरगुती दुरुस्ती

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. माझी पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. तिला ९ वर्षे झाली असून ती आजवर ७८ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरू लागलो आणि तिसऱ्याच वळणावर ब्रेक दाबला तेव्हा स्टीअरिंग दोन्ही हातांत थरथरू लागले. ब्रेक सोडला की थरथर थांबत असे आणि पुन्हा दाबला की पायाखालचे पेडलही हलकेसे वरखाली होत असे. साखरप्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये, मागून येणाऱ्यांना वाट देत उतरलो.

गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तर चाक न काढताच “डिस्क वाकल्या आहेत, दोन्ही डिस्क आणि पॅड बदलावे लागतील” असे सांगण्यात आले. दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या एका ठिकाणी मी या डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, ज्यांना दोन्ही बाजूंनी पॅड दाबले की गाडी थांबते) बदलून घेतल्या होत्या, त्यामुळे हे उत्तर मला पटले नाही. गाडीचे ऑईल, एअर फिल्टर, प्लग, बॅटरी ही कामे मी पाच-सहा वर्षे घरीच करतो. ब्रेकला मात्र आजवर हात लावलेला नाही. माझे प्रश्न दोन आहेत. हे काम घरच्या अंगणात, साध्या हत्यारांनी सुरक्षितपणे होऊ शकते का? आणि डिस्क खरोखरच वाकते का?

आगार_निवृत्त

मी एस.टी.च्या कार्यशाळेत उभी हयात घालवली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. ऑईल बदलताना चूक झाली तर इंजिनाचे नुकसान होते, पण ब्रेकच्या कामात चूक झाली तर ती समोरून येणाऱ्या, आपली ओळखदेखील नसलेल्या माणसाला भोगावी लागते. तुम्ही जाणकार दिसता, तरीही हे काम माहितगार मेकॅनिककडूनच करून घ्यावे आणि आपण शेजारी उभे राहून पाहावे, असे माझे मत आहे. आमच्याकडे ब्रेकला हात लावलेली गाडी दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय रस्त्यावर जात नसे. घरी तो दुसरा माणूस कोण?

रेवती_सांगली

आगार_निवृत्त काका, तुमचा दुसऱ्या माणसाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि मी तो पाळते. माझ्या घरी माझा भाऊ प्रत्येक नट पुन्हा एकदा पाहतो. मात्र चाक न काढता निदान करणाऱ्या गॅरेजच्या शेजारी उभे राहून काय पाहायचे, हा प्रश्न उरतोच. पुढच्या डिस्क आणि पॅड बदलणे हे ब्रेकच्या कामांपैकी त्यातल्या त्यात सोपे काम आहे, कारण त्यात ब्रेक ऑईलची बंद नळी कुठेही उघडावी लागत नाही. मी माझ्या गाडीचे हे काम दोनदा केले आहे. सविस्तर रात्री लिहिते.

गोकुळ_शिरगाव

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझे रोजचे काम ओतीव लोखंडाचे आहे. आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव वसाहतींतल्या फाउंड्र्यांमुळे कोल्हापूरकरांना हा धातू घरचाच आहे.

डिस्क करड्या ओतीव लोखंडाची म्हणजे ग्रे आयर्नची असते. त्यात साधारण सव्वातीन ते साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पातळ पाकळ्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. या पाकळ्यांमुळे उष्णता चटकन पसरते आणि कंपन धातूतच जिरते. घंटेसाठी हे लोखंड निरुपयोगी, पण ब्रेकसाठी उत्तम. याच पाकळ्यांमुळे ते ताणाखाली ठिसूळही असते. त्यामुळे रोजच्या वापरातली डिस्क पत्र्यासारखी वाकून बसते हे चित्र चुकीचे आहे.

मग थरथर कशाने होते? बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका असला तरी हाताला जाणवतो. डिस्कचा जाड भाग पॅडांमधून गेला की पॅडांना दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो आणि पातळ भाग आला की तो पुढे येतो. तुमच्या पायाखाली वरखाली होणारे पेडल म्हणजे तोच पिस्टन आहे.

आता जाडीत फरक पडतो कसा, ते पाहा. डिस्क चाकाच्या मध्यावरच्या ज्या हबवर बसते त्या हबच्या तोंडावर गंजाचा एखादा पापुद्रा राहून गेला, तर नवी कोरी डिस्कही किंचित तिरकी बसते. हबच्या तोंडापेक्षा डिस्कचा व्यास बराच मोठा असल्यामुळे मध्यावरचा बारीक तिरकेपणा कडेला वाढून दिसतो. मग ब्रेक न दाबता गाडी चालत असतानाही प्रत्येक फेऱ्याला डिस्कचा तोच भाग पॅडला घासत राहतो आणि हजारो किलोमीटरमध्ये तेवढाच झिजतो. म्हणूनच अशी थरथर डिस्क बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी येत नाही, काही महिन्यांनी येते, आणि तोवर मूळ कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. तुमच्या दोन वर्षांपूर्वीच्या कामात हब घासून स्वच्छ केला होता का, हे पाहणे अगत्याचे आहे.

पंचगंगाकाठ

गोकुळ_शिरगाव, मनापासून आभार. त्या वेळी मी समोरच उभा होतो. जुनी डिस्क काढली आणि नवी सरळ चढवली, मध्ये हब घासल्याचे मला आठवत नाही. याच डिस्क लेथवर फेसिंग करून, म्हणजे दोन्ही तोंडे थोडी कापून सपाट करून, घेतल्या तर चालेल का? उद्यमनगरात ओळखीचे लेथवाले आहेत.

गोकुळ_शिरगाव

चालेल, पण दोन अटींवर. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. फेसिंगनंतरची जाडी तिच्याहून बऱ्यापैकी जास्त उरली पाहिजे, कारण पुढची झीजही त्यातूनच जाणार आहे. दुसरी अट अशी की डिस्क हबवर जिथे टेकते तेच तोंड संदर्भ धरून, तिथे स्वच्छ बसवून, दोन्ही बाजू एकाच बैठकीत कापल्या गेल्या पाहिजेत. कडेला चकमध्ये कशीतरी पकडून एक बाजू आणि मग उलटवून दुसरी, असे केल्यास लेथवरून परत आलेली डिस्क आधीपेक्षा वाईट असू शकते.

डोंबिवली_फास्ट

ब्रेक न दाबताही ८०–९० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग करून पाहावे. केवळ ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तरच डिस्कच्या मागे लागावे.

मिशिगनकर

आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, त्यामुळे डिस्क हबला अक्षरशः चिकटून बसते. पहिल्या वेळी मी दोन तास हातोडा चालवत होतो. नंतर शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी दाखवले की अनेक जपानी गाड्यांच्या डिस्कवर दोन रिकामी आटे पाडलेली भोके असतात. ती याच कामासाठी असतात. त्यांत ८ मि.मी.चे दोन बोल्ट घालून आलटूनपालटून अर्धा-अर्धा फेरा पिळत गेले की डिस्क टकदिशी सुटते. तो आवाज ऐकल्यावर जो आनंद झाला तो अजून आठवतो.

आमच्या राज्यात गाड्यांची नियमित सुरक्षा तपासणी नसते, त्यामुळे आपल्या ब्रेककडे आपणच लक्ष द्यावे लागते. मजुरी महाग असल्याने अंगणात ब्रेकचे काम करणारे प्रत्येक गल्लीत दिसतात. यात काही विशेष धाडस आहे, असे इथे कुणी मानत नाही.

रत्नांग्रीचो

मिठासाठी मिशिगनला जायची गरज नाही. आमच्याकडे समुद्राची हवा आहे आणि वर चार महिन्यांचा पाऊस. गणपतीच्या आधी आठवडाभर उभी राहिलेली गाडी काढली की डिस्कवर तांबूस थर दिसतो. तो वरवरचा गंज पहिल्या पाच-सात ब्रेकमध्ये निघून जातो, त्याला घाबरू नये. कॅलिपर म्हणजे पॅड दाबणारी पकड ज्यांवर सरकते त्या गाईड पिन गंजून जाम होणे हे मात्र कोकणातले खरे दुखणे आहे. धागालेखकांनी दोन्ही बाजूंच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी आवर्जून ताडून पाहावी.

रेवती_सांगली

ठरल्याप्रमाणे लिहिते. हे पुढच्या चाकांविषयी आणि एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरविषयी आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तोच असतो.

गाडी सपाट, टणक जागेवर उभी करावी, शहाबादी फरशीवर किंवा काँक्रीटवर. मातीवर किंवा उतारावर हे काम करू नये. हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, गाडी तोलून धरण्यासाठी नसतो. उचलल्यावर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक स्टँड लावावा आणि काढलेले चाक दाराखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड घसरलाच तर गाडी त्या चाकावर टेकते. स्टँड नसेल तर त्या दिवशी काम करू नका.

कॅलिपरचे बोल्ट काढून तो वर उचलला की त्याला ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये. नळी आतून फाटली तर बाहेरून कळत नाही. बाइंडिंगच्या तारेने तो स्प्रिंगला बांधून ठेवावा. मग पॅड काढावेत, कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढावेत आणि डिस्क उतरवावी. या दोन बोल्टांना लांब दांड्याचा पाना लागतो. जोर लावताना गाडी स्टँडवर हलत नाही ना, याकडे लक्ष असू द्यावे.

पिस्टन आत ढकलण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑईलची पातळी पाहावी. मध्यंतरी कुणी वरून ऑईल भरले असेल, तर पिस्टन आत जाताना ते डबीतून बाहेर सांडते. हे ऑईल रंग खाते, त्यामुळे ते सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी क्लॅम्पने सावकाश दाबावे. पिस्टन ताकद लावूनही जात नसेल तर तिथेच थांबावे, ते काम वेगळे आहे.

गाईड पिन बाहेर काढून पुसाव्यात आणि रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस लावल्यास रबरी टोप्या फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. काही गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, म्हणून त्यांची अदलाबदल करू नये. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये आणि फुंकरही मारू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसावी आणि तोंडावर मास्क असावा.

नव्या डिस्कवर गंजरोधक तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पूर्ण निघाला पाहिजे. त्यानंतर डिस्कच्या तोंडाला उघडे बोट लावू नये. चाकाचे सगळे नट ताऱ्याच्या आकाराने, एक सोडून एक, टप्प्याटप्प्याने आवळावेत. शेवटचा पीळ टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार द्यावा.

आता या सगळ्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काम संपल्यावर, गाडी सुरू करण्याआधी, ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. आपण पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दाबांना पेडल थेट खाली जाते आणि ब्रेक लागतच नाही. अंगणातून गाडी काढताना फाटकावर आदळल्याच्या घटना याच चुकीने होतात.

आगार_निवृत्त

रेवतीताई, तुम्ही लिहिलेले वाचून माझा आक्षेप पुष्कळ कमी झाला. पेडलचा मुद्दा तुम्ही लिहिला नसता तर मी लिहिणारच होतो. एक भर घालतो. मागच्या चाकांना डिस्क असलेल्या काही गाड्यांत हँडब्रेक त्याच पिस्टनवर चालतो, आणि तो पिस्टन फिरवत-फिरवत आत न्यावा लागतो. त्याला क्लॅम्पने दाबले तर आतली यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी तो देखभालीच्या स्थितीत न्यावा लागतो. पुढची चाके जमली म्हणून त्याच उत्साहात मागची उघडू नयेत, एवढीच विनंती.

श्टुटगार्टवासी

जर्मनीत रस्त्यावर गाडी उघडून बसता येत नाही आणि बहुतेकांना अंगण नसते, म्हणून इथे तासावर भाड्याने मिळणाऱ्या कार्यशाळा आहेत. लिफ्ट, हत्यारे, जुने ऑईल टाकण्याची सोय आणि अडले तर सांगणारा माणूस, हे सगळे तिथे मिळते. नवी गाडी ३ वर्षांनी आणि पुढे दर २ वर्षांनी तपासणीला न्यावी लागते. तिथे रोलरवर दोन्ही चाकांचे ब्रेक वेगवेगळे मोजतात. मी घरी केलेले काम त्या रोलरवर उतरते, त्यामुळे काका म्हणतात तो दुसरा माणूस मला आपोआप मिळतो. पुण्या-नाशकात अशी भाड्याची कार्यशाळा कुणी काढली तर ती चालेल, असे मला खरोखर वाटते.

नाना_पेठ

सुटे भाग घेताना काळजी घ्यावी. आमच्या पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, अशा बाजारांत भाव फार वेगवेगळे मिळतात आणि हुबेहूब वेष्टनातला बनावट मालही फिरतो. पॅड आणि डिस्क अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावरच घ्याव्यात. वाटल्यास सीटकव्हरवर पैसे वाचवावेत. डिस्क नेहमी जोडीने बदलाव्यात, एका बाजूची एकच बदलू नये.

विजेवर_चालतो

किंचित अवांतर आहे, पण विषयाला धरून. विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, त्यामुळे माझे पॅड झिजतच नाहीत. मात्र डिस्क वापराविना गंजतात. मी आठवड्यातून एकदा, मागे कुणी नसताना, मोटरने वेग कमी करण्याची (पुनर्निर्मितीची) पातळी कमी ठेवून मुद्दाम पाय देऊन ब्रेक लावतो. ब्रेक झिजले नाहीत म्हणून ते न तपासणे चुकीचे आहे.

डोंबिवली_फास्ट

ब्रेक ऑईलविषयी अजून कुणी लिहिले नाही. डॉट ३ आणि डॉट ४ ही दोन्ही ऑईल हवेतला ओलावा शोषतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि पाणी शोषलेल्या स्थितीसाठी तीच मर्यादा १५५ अंश आहे. घाटात डिस्क तापली की ही उष्णता कॅलिपरमधल्या ऑईलपर्यंत पोहोचते, जुन्या ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. धागालेखकांनी दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरला हे अगदी योग्य केले. दर २ वर्षांनी ऑईल बदलावे, पण ते काम मात्र पहिल्यांदा जाणकाराच्या सोबतीनेच करावे, कारण त्यात हवा आत राहण्याचा धोका असतो.

पंचगंगाकाठ

सर्वांना उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण आधी जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच घेतले आणि मग या रविवारी काम केले. माझे मेहुणे दुसरा माणूस म्हणून पूर्ण वेळ सोबत होते.

डाव्या बाजूला आतला पॅड २ मि.मी. उरला होता आणि बाहेरचा ६ मि.मी. खालची गाईड पिन हाताने हलतच नव्हती. पाना लावून फिरवत बाहेर काढली तेव्हा तिच्यावर खरपुडीसारखा तपकिरी थर होता. रत्नांग्रीचो, तुमचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. उजवी बाजू ठीक होती, तिथे दोन्ही पॅड सारखेच झिजले होते.

डिस्क काढल्यावर हब पाहिला. तोंडावर दोन बोल्टांच्या मध्ये अंगठ्याच्या नखाएवढा गंजाचा पापुद्रा घट्ट बसला होता आणि डिस्कच्या आतल्या बाजूवर नेमका त्याच आकाराचा ठसा उमटला होता. तो मी गोकुळ_शिरगाव यांच्यासाठी फोटो काढून ठेवला आहे. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब घासायला एका बाजूला अर्धा तास लागला. बोट फिरवल्यावर कुठेही खरखर लागत नाही, असे झाल्यावरच पुढे गेलो.

जाडी मोजताना एक गोष्ट कळली. व्हर्नियर सरळ लावला तर त्याचे जबडे डिस्कच्या कडेला उरलेल्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर बसतात आणि जाडी खोटीच जास्त दिसते. मेहुण्यांनी दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरून मापले आणि मग नाण्यांची जाडी वजा केली. डिस्कवर किमान १८ मि.मी. कोरले आहे आणि आमचे माप सगळीकडे १८.४ च्या आसपास आले. फेसिंगला जागाच नव्हती, म्हणून दोन्ही डिस्क आणि पॅड नवे बसवले.

पेडल दहा-बारा वेळा दाबून घट्ट करून घेतले. मग रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक लावले, मध्ये गाडी पूर्ण थांबू दिली नाही, आणि शेवटी ब्रेक न वापरता थंड होऊ दिली. नव्या पॅडचा थर डिस्कवर सारखा बसावा म्हणून हे करावे असे पॅडच्या वेष्टनावरच लिहिले होते. स्टीअरिंग आता स्थिर आहे.

गोकुळ_शिरगाव

फोटो अवश्य टाका. शक्य असल्यास कुणाकडून तरी डायल गेज (बारीक तिरकेपणा मोजणारे काट्याचे उपकरण) मिळवून नव्या डिस्कचा तिरकेपणा आत्ताच मोजून ठेवा. बऱ्याच गाड्यांना ०.०५ ते ०.१० मि.मी.ची मर्यादा दिलेली असते. आज तो आकडा कमी असेल तर वर्षाने थरथर परत येण्याची शक्यता फार कमी आहे.

आगार_निवृत्त

पंचगंगाकाठ, तुमचे आणि मेहुण्यांचे अभिनंदन. साधारण १०० किलोमीटर झाले की चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा तपासा, गाडी थंड असताना.

पंचगंगाकाठ

काका, तपासले. उजव्या चाकाचा एक नट थोडासा फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत. डायल गेज उद्यमनगरातून शनिवारी मिळणार आहे, आकडा इथेच लिहितो.